ऐन दिवाळीत घरात पाणी साचलं तर: आधी काय थांबवायचं, कुणाला बोलवायचं आणि किती पैसे मोजायचे

दिवाळीच्या दिवसांत बेसिनखालचा पाइप फुटला, गिझर गळायला लागला किंवा वरच्या बंद फ्लॅटमधून पाणी उतरू लागलं, की एरवी हजारभर रुपयांत होणाऱ्या कामाला दोन-तीन हजार मोजावे लागतात. हा जादा भार डोळ्यांत भरतो, पण एकूण खर्चात तो लहानच असतो. मोठा पैसा जातो तो घाबरून लगेच काढलेल्या कामांत. पाहुणे यायचेत, घर नीट दिसायला हवं, म्हणून ओल्या भिंतीवर रंग मारला जातो, खात्री नसताना टाइल्स फोडल्या जातात, ‘सगळी लाइनच बदला’ या सल्ल्याला मान डोलावली जाते.

सोसायटीच्या कमिटीत काम करताना हे वर्षानुवर्षं पाहिल्यावर माझं मत अगदी पक्कं झालं आहे. सणात पैसे फक्त तीन गोष्टींसाठी द्यावेत: पाणी थांबवायला, उपसायला आणि घर वाळवायला. फोडाफोडी, वॉटरप्रूफिंग, पीओपी, रंग, फर्निचर हे सगळं सण उलटल्यावर. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने लिहिली आहे. आकडे पुणे-मुंबईकडच्या शहरी भागातले आणि ढोबळ आहेत. गाव, मजला आणि कामाची अडचण पाहून ते वरखाली होतील, पण फोनवर भाव ठरवताना हाताशी असलेले बरे.

सणात माणूस का मिळत नाही

हे समजलं तर किती दिवस तग धरायचा याचा अंदाज येतो. आपल्याकडच्या शहरांत प्लंबिंग करणारे बरेच कारागीर ओडिशा, बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेले आहेत. ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातलं पट्टामुंडई तर प्लंबरांचं गाव म्हणूनच ओळखलं जातं. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली मंडळी दिवाळीला गावी गेली की छठ करूनच परततात, आणि छठ येते कार्तिक शुद्ध षष्ठीला. म्हणजे आपली भाऊबीज झाली तरी त्यांची सुट्टी संपलेली नसते. परतीच्या गाड्यांची गर्दी धरली तर लक्ष्मीपूजनापासून साधारण दहा-बारा दिवस हात कमीच असतात. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, होळीत पुन्हा उत्तरेकडची.

दुसरी अडचण मालाची. हार्डवेअर आणि प्लायवुडच्या धंद्यात गुजराती आणि कच्छी व्यापारी मोठ्या संख्येने आहेत. त्यांतले बरेचजण लक्ष्मीपूजनानंतर दुकान बंद ठेवतात आणि लाभपंचमीच्या, म्हणजे कार्तिक शुद्ध पंचमीच्या, मुहूर्तावर उघडतात. प्लंबर सापडला, पण दीडशे रुपयांचा कनेक्शन पाइप (भिंतीतल्या कॉकपासून नळापर्यंतची लवचिक नळी) मिळेना, अशी वेळ त्यामुळेच येते. म्हणून धनत्रयोदशीच्या आत थोडं सामान घरात आणून ठेवण्यासारखी स्वस्त तरतूद नाही. त्याची यादी शेवटी दिली आहे.

पहिली दहा मिनिटं

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वीज, मग पाणी, मग फोटो, आणि त्यानंतर फोन.

जमिनीवर पाणी पसरलं असेल तर मेन स्विच बंद करा. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो. मेन बंद केल्यावर इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि काही पॉइंटमध्ये वीज खेळतच राहते. वितरण पेटीपर्यंत पाण्यातून चालत जावं लागत असेल तर जाऊच नका. खालच्या मीटररूममधून तुमच्या घराची वीज तोडायला इलेक्ट्रिशियनला किंवा जाणत्या माणसाला सांगा. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२ सणातही चालू असतो. मुंबईत वीज देणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत, त्यांचा क्रमांक बिलावर असतो. पाणी लिफ्टच्या खड्ड्याकडे जात असेल तर लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायला लावा.

आता पाणी. सगळ्यात जवळची चावी, म्हणजे पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह, आधी बघायची. बेसिन, कमोड, वॉशिंग मशीन, गिझर यांच्या प्रत्येकाच्या खाली किंवा शेजारी अँगल कॉक, म्हणजे भिंतीवरची छोटी चावी, असतो. तो फिरला की काम झालं. तो जाम असेल किंवा फुटलेला भाग त्याच्याही अलीकडे असेल, तर त्या बाथरूमची किंवा स्वयंपाकघराची मुख्य चावी शोधा. ती बहुधा लॉफ्टवर, दाराच्या वर किंवा डक्टमध्ये (पाइपांच्या उभ्या पोकळीत) सापडते. तीही चालली नाही तर गच्चीवर जा. टाकीखालून निघणाऱ्या प्रत्येक उभ्या लाइनला तिथे स्वतंत्र चावी असते. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. एकाच फ्लॅटच्या दोन बाथरूमना आणि स्वयंपाकघराला वेगवेगळ्या लाइन असू शकतात. चुकीची चावी बंद करून ‘पाणी थांबतच नाही’ म्हणत बसण्यात वेळ जातो. जुनी पितळी चावी जाम झाली असेल तर पान्हा लावून जोर करू नका. दांडा तुटला की छोट्या गळतीचा फवारा होतो.

गच्चीवरून बंद करूनही उभ्या पाइपातलं साठलेलं पाणी काही मिनिटं येत राहतं. त्याच लाइनवरचे खालच्या मजल्यांवरचे नळ उघडले तर ते लवकर रिकामं होतं. टाकीच ओसंडत असेल तर पंप बंद करा आणि पंपाचा ऑटोमॅटिक कंट्रोलरही बंद ठेवा.

गिझर गळत असेल तर आधी त्याचं बटण बंद, मग पाण्याची चावी. टाकी रिकामी होत असताना आतलं कॉइल चालू राहिलं तर ते जळतं.

पीओपीच्या छताला फुगवटा आला असेल तर तिथे पाणी साठलं आहे. वीज बंद असल्याची खात्री करून, खाली बादली ठेवून, फुगवट्याच्या सर्वांत खालच्या जागी स्क्रूड्रायव्हरने छोटं भोक पाडा. पाणी शिस्तीत उतरेल. तसंच ठेवलं तर छताचा अख्खा तुकडा खाली येतो, आणि शंभर रुपयांच्या डागडुजीचं काम काही हजारांवर जातं. भोक पाडताना फुगवट्याच्या थेट खाली उभं राहू नका.

पाणी थांबल्यावर, पुसायला सुरुवात करण्याआधी, मोबाइलवर व्हिडिओ घ्या. फुटलेला भाग जवळून, पाणी किती पसरलं ते, भिंतीवर कुठवर चढलं ते, भिजलेली प्रत्येक वस्तू, आणि शक्य असेल तर खालच्या घरातलं छत. हा पाच मिनिटांचा व्हिडिओ पुढे शेजारी, सोसायटी आणि विमा कंपनी या तिघांकडे कामी येतो. फुटलेला पाइप किंवा कॉक फेकू नका, पिशवीत घालून ठेवा.

पाणी कोणतं आहे ते ओळखा

टाकीतून आलेलं स्वच्छ पाणी असेल तर वेळेत पुसून वाळवलं की फार काही बिघडत नाही. वॉशिंग मशीनचं किंवा बेसिनच्या निचऱ्याचं पाणी असेल तर साबणाने धुऊन काढावं लागतं. मैलापाण्याची लाइन तुंबून पाणी उलटं आलं असेल तर प्रकरण वेगळं. त्यात भिजलेली उशी, गादी, स्पंज, गालिचा, मुलांची मऊ खेळणी वाचवण्याच्या भानगडीत पडू नका. हातमोजे आणि बूट घालूनच हात लावा, आणि लहान मुलं, वृद्ध, गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवा.

जंतुनाशक म्हणून ब्लीच वापरत असाल तर त्यात किंवा त्यावर टॉयलेट साफ करायचं ॲसिड कधीही टाकू नका. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. सणात मदतीला आलेल्या घाईच्या माणसालाही हे आवर्जून सांगा.

उपसणं आणि वाळवणं

थोडं गणित मांडू. पाचशे चौरस फुटांच्या जागेत एक सेंटीमीटर पाणी साचलं तर ते साधारण ४६५ लिटर होतं. दोन माणसं, दोन वायपर, सुपडी आणि बादल्या असतील तर हे तासा-दीड तासात निघतं. त्यासाठी बाहेरचा माणूस दोन-तीन हजार मागत असेल तर आधी शेजाऱ्यांना हाक मारा. पाणी बाथरूमच्या नहाणीकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे, ढकला, जिन्याकडे नाही. जिन्यातून ते लिफ्टमध्ये आणि मीटररूममध्ये जाऊ शकतं.

बुरशी धरायला साधारण २४ ते ४८ तास लागतात. म्हणून सणातले पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत. पलंग, कपाट, सोफा यांच्या पायांखाली विटा किंवा टाइलचे तुकडे सरकवा. पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ पाणी प्यायले की फुगतात आणि पुन्हा बसत नाहीत. बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या) प्रतीचं प्लाय, ज्यावर आयएस ७१० असा शिक्का असतो, ते बरंच टिकतं. तेव्हा किचन ट्रॉलीचं खालचं खण लगेच तोडायला सांगणाऱ्याला थांबवा. दारं आणि ड्रॉवर काढून आठ-दहा दिवस वारा लागू द्या, मग ठरवा.

वाळवण्याची पद्धत ऋतूवर ठरते, आणि इथे लोक हमखास एकच नियम सगळीकडे लावतात. दिवाळीत घाटावरची हवा कोरडी असते. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे खिडक्या समोरासमोर उघडून पंखे पूर्ण वेगात चालवले तर दोन दिवसांत बराच ओलावा निघतो. गणपतीत मुंबईत किंवा कोकणात हेच केलं तर बाहेरची दमट हवा आत येऊन भिंत आणखी भिजते. तिथे खिडक्या बंद ठेवून एसी ‘ड्राय’ मोडवर लावावा आणि पंखा भिंतीकडे वळवावा. डीह्युमिडिफायर भाड्याने मिळत असेल तर पावसाळ्यात त्याचे पैसे वसूल होतात, नोव्हेंबरातल्या पुण्यात फारसे नाहीत. मात्र वीज सुरू करण्याआधी भिजलेले सॉकेट आणि बोर्ड इलेक्ट्रिशियनला दाखवलेले असावेत. पाण्यात उभा राहिलेला फ्रिज किंवा वॉशिंग मशीन ‘चालतंय का बघू’ म्हणून लावू नका.

भिजलेली कागदपत्रं सपाट पसरून, मध्ये कोरे कागद घालून, पंख्याखाली ठेवा. इस्त्री नको, ऊन नको. एकदम खूप भिजली असतील आणि वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवली तरी दोन-चार दिवस निभावतात. पैठणी पिळू नका, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ओल टिपा आणि सावलीत पसरा.

प्लंबर शोधणं आणि फोनवरच ठरवणं

नेहमीचा प्लंबर गावी असेल तरी त्याला फोन करा. मागे राहिलेला कोण, हे त्यालाच ठाऊक असतं, आणि त्याच्या ओळखीने आलेला माणूस भाव फार चढवत नाही. नंतर सोसायटीचा वॉचमन आणि पंपवाला. जवळ बांधकाम चालू असेल तर तिथल्या सुपरवायझरला विचारा. साइटवर मुक्कामाला राहिलेल्या कामगारांत बहुधा एखादा प्लंबर असतो. ॲपवरून बोलावलं तर दर आधी दिसतो, ही मोठी सोय. पण त्या दरात सामान धरलेलं असतंच असं नाही, आणि सणात मिळणारी वेळ पुढे ढकललीही जाते.

फोनवर ‘लवकर या, फार पाणी आहे’ एवढंच बोललात तर भाव तिथेच चढतो. त्याऐवजी पाणी बंद केलं आहे, हे सांगा. फुटलेल्या भागाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा. मग तीन प्रश्न विचारा. येण्याचे किती? काम झालं तर ते मजुरीत धरणार की वेगळे? सामान कोण आणणार आणि बिल मिळेल का? उत्तरं मेसेजमध्ये लिहून घ्या. सणात जादा मागितले तर त्यात गैर काही नाही. आपल्या घरच्यांना सोडून तो आलेला असतो, आणि चहा-फराळासोबत दोनशे जास्त दिले तर योग्यच. हरकत घ्यायची ती न ठरलेल्या कामाला.

आल्यावर त्याला एकच काम सांगा: गळती बंद कर. भिंतीतला पाइप गळत असेल तर अलीकडे तोडून एंड प्लग (पाइपचं तोंड बंद करणारं बूच) लावणं आणि तेवढी लाइन बंद ठेवणं पुरेसं असतं. एक बाथरूम दहा दिवस बंद राहिलं तर काही बिघडत नाही. उघड्या पाइपला बारीक चीर असेल तर रबर पट्टी आणि क्लॅम्प, किंवा पाणी बंद करून पाइप कोरडा पुसून एम-सील, यांवर काही दिवस निघतात. सीपीव्हीसीच्या (प्लास्टिकच्या) पाइपाचा जोड सोल्युशन लावून केला असेल तर लगेच पूर्ण दाबाने पाणी सोडू नका. डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या. गच्चीवरची टाकी तुमच्या नळापेक्षा तीस मीटर उंच असेल तर पाइपात जवळजवळ तीन बार दाब असतो, आणि रात्री कुणी पाणी वापरत नसताना तो पूर्ण जोडावर येतो.

दर, ढोबळ पण उपयोगी

प्लंबरची नुसती फेरी एरवी २०० ते ५०० रुपयांत होते. लक्ष्मीपूजन, पाडवा किंवा रात्री उशिरा ५०० ते १,५०० धरून चला. कनेक्शन पाइप १५० ते ४००, अँगल कॉक ३०० ते ९००, दोन्हींची बसवणूक प्रत्येकी १५० ते ३००. तुंबलेली लाइन मशिनने काढायला ८०० ते २,५००, सणात दीडपट. इलेक्ट्रिशियनची फेरी ३०० ते ७००. व्हॅक्यूम मशिन घेऊन येणारी सफाईची माणसं एका मध्यम फ्लॅटचे १,५०० ते ४,००० घेतात.

हे झालं सणात द्यायचं. थांबवून ठेवायच्या कामांचे साधारण दर असे: भिंतीतला पाइप काढून बदलणं आणि टाइलची डागडुजी २,५०० ते ६,०००, त्याच डिझाइनची टाइल मिळाली तर. बाथरूमच्या सांध्यांत इपॉक्सी भरणं ४,००० ते १०,०००. टाइल्स उखडून वॉटरप्रूफिंग आणि नवी फरशी ४०,००० ते ८०,००० किंवा जास्त. पुट्टी, प्रायमर, रंग मिळून चौरस फुटाला २५ ते ४५. या दुसऱ्या यादीतलं काहीही दिवाळीच्या चार दिवसांत करायचं नाही, कारण दर चढे असतात, माणूस अनुभवी मिळत नाही आणि भिंत ओली असते. ओल्या भिंतीवरचा रंग महिन्याभरात पोपडे धरतो.

जीएसटीचं एक लक्षात असू द्या. एकटा काम करणारा प्लंबर बहुधा नोंदणीकृत नसतो, त्याला तुमच्याकडून हा कर घेता येत नाही. कंपनीने १८ टक्के लावला तर बिलावर तिचा जीएसटी क्रमांक असायलाच हवा.

एक उदाहरण मांडून बघू. तिसरा मजला, लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ, घरची माणसं तीन तास बाहेर. बेसिनखालचा कनेक्शन पाइप सुटला. मिनिटाला दहा लिटर धरले तरी १,८०० लिटर पाणी. बरंचसं नहाणीतून गेलं, उरलेलं हॉलमध्ये आणि खालच्या छतात. शहाणा हिशेब असा: प्लंबरची फेरी १,०००, पाइप ३००, बसवणूक २००. मदतीला दोन माणसं, प्रत्येकी ६००, म्हणजे १,२००. पाडव्यानंतर इलेक्ट्रिशियन ५००. महिन्याभराने ऐंशी चौरस फूट भिंतीचा रंग, ४० रुपयांनी ३,२००. खालच्यांच्या छताची डागडुजी ४,०००. एकूण १०,४००, आणि त्यातले सणात खर्च झाले फक्त २,७००.

याच घरात घाई झाली तर? ‘लाइन जुनी आहे’ म्हणून सगळे पाइप बदलायचे १२,०००, बाथरूममध्ये वरून वॉटरप्रूफिंगचा थर १५,०००, पाहुण्यांसाठी लगेच रंग ५,०००. बत्तीस हजार गेले. बिघाड होता तीनशे रुपयांच्या पाइपचा, खालचं छत अजून तसंच आहे, आणि रंग पुन्हा मारावा लागणार.

खर्च कुणाचा?

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींची वाटणी सरळ आहे. बाहेरच्या सामाईक पाइपलाइन, ड्रेनेज, टाक्या, पंप, गच्ची आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेची जबाबदारी. फ्लॅटच्या आतलं बाथरूम, सिंक, त्याच्या पाइपांची गळती ही सदस्याची. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना गच्चीच्या गळतीचा खर्च स्वतः करायला सांगितला जातो, ते बरोबर नाही. तुमच्या संस्थेने नोंदवलेले उपविधी काढून वाचा, वाद होण्याआधीच.

सणाच्या दिवशी या वाटणीवरून भांडू नका. पाणी थांबवणाऱ्याला ज्याच्याकडे आहेत त्याने पैसे द्यावेत आणि त्याच रात्री सेक्रेटरीला मेसेज आणि ईमेल करावा: कधी कळलं, कुठून पाणी येत होतं, काय केलं, किती खर्च झाला, फोटो सोबत. वरचे शेजारी ‘आमच्याकडून नाहीच’ म्हणत असतील तर त्याचा निकाल नंतरच्या चाचणीने लागतो. भाड्याने राहत असाल तर खर्च करण्याआधी मालकांना फोटोसह कळवा आणि होकार लेखी घ्या. ‘करून टाका, भाड्यातून वजा करू’ हे बोलणं फोनवरच राहिलं की महिनाअखेरीस आठवणी वेगवेगळ्या निघतात.

वरचा फ्लॅट बंद असणं ही सणातली नेहमीची अडचण. मालक गावी किंवा अमेरिकेत, आणि पाणी उतरतंय. कुलूप तोडण्याची घाई नको. त्या फ्लॅटची लाइन गच्चीवरून किंवा डक्टमधून बंद करता येते, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. आत जाणं अटळच झालं तर मालकाशी व्हिडिओ कॉल करून संमती घ्यावी, पदाधिकारी आणि दोन शेजारी हजर असावेत, आत गेल्यापासून बाहेर येईपर्यंत चित्रीकरण करावं. मालकाशी संपर्कच होत नसेल तर पोलिसांना कळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. परदेशात राहणाऱ्या आणि इथे फ्लॅट असणाऱ्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे: एक किल्ली विश्वासातल्या माणसाकडे ठेवा आणि त्याचा नंबर सोसायटीत लेखी द्या. तुमच्या घरातली गळती तुम्हाला दिसत नाही. खालचं कुटुंब रात्रभर बादल्या बदलत बसलेलं असतं.

विमा आहे का, आठवून पाहा

गृहकर्ज घेताना घराचा विमा काढलेला असतो आणि तो पुढे विसरला जातो. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू आहे. पाण्याची टाकी, उपकरण किंवा पाइप फुटून किंवा ओसंडून झालेलं नुकसान तिच्यात येतं, पूर आणि वादळही येतं. घरातल्या सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं. पण पॉलिसी फक्त इमारतीची घेतली आहे की सामानासह, हे तुमच्या कागदावर बघा. हळूहळू झिरपलेली ओल, झीज, देखभाल न केल्याने आलेली गळती यांचे दावे सहसा टिकत नाहीत. अचानक फुटलं, हे दाखवता आलं पाहिजे. तो व्हिडिओ आणि पिशवीतला पाइप इथे लागतो. खालच्या शेजाऱ्याच्या नुकसानीची भरपाई या मूळ संरक्षणात धरून चालू नका.

सुट्टी आहे म्हणून कळवायला उशीर करू नका. कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर किंवा ॲपवर त्याच दिवशी दावा नोंदवा आणि नोंद क्रमांक जपून ठेवा. पाणी उपसायला आणि वाळवायला सर्व्हेयरची वाट पाहायची नसते. नुकसान वाढू न देणं हे विमाधारकाचं कर्तव्यच आहे. फक्त भिजलेल्या वस्तू तो येईपर्यंत टाकू नका, निदान फोटो आणि यादी करून ठेवा. प्लंबरने कच्च्या कागदावर दिलेलं बिलही चालण्याजोगं असावं: तारीख, नाव, काम, रक्कम, सही. पैसे यूपीआयने दिले तर नोंद आपोआप राहते. विमा कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा तक्रार क्रमांक १५५२५५, आणि सेवा देणाऱ्या कंपनीने फसवलं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

लाभपंचमीनंतरचं काम

आता खरं निदान करा. बाथरूमच्या नहाणीला बोळा घालून दोन इंच पाणी भरा, उंबरठ्याबाहेर जाणार नाही एवढं, आणि २४ तास ठेवा. खाली ओल वाढली तर दोष फरशीत किंवा सांध्यांत आहे. वाढली नाही, पण नळ चालू असताना वाढते, तर पाइपात. दोन बाथरूमपैकी कुठलं, हे कळायला पाण्यात खाण्याचा रंग मिसळता येतो. ही चाचणी शेजारी आणि कमिटीसमोर केली की वाद तिथेच मिटतो, आणि चाळीस हजारांचं काम चार हजारांच्या सांधेभरणीवर निभावतं की नाही तेही कळतं.

भिंत वाळली का, हे हात लावून कळत नाही. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही कडांना चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट लावा. दुसऱ्या दिवशी आतून घाम धरला तर थांबा. दिवाळीतल्या कोरड्या हवेतही तीन-चार आठवडे लागू शकतात, पावसाळ्यात जास्त. मोठ्या कामासाठी दोन-तीन कोटेशन घ्या, आणि त्यात टाइल कुठली, केमिकल कुठलं, राडारोडा कोण नेणार आणि हमी किती वर्षांची, हे लिहून घ्या. राडारोड्याचे हजार-दोन हजार शेवटी निघतात आणि तिथे हमखास वाजतं.

धनत्रयोदशीच्या आत

घरात ठेवायचं सामान: दोन कनेक्शन पाइप, एक अँगल कॉक, अर्ध्या इंचाचे दोन एंड प्लग, टेफ्लॉन टेप, एम-सील, दोन क्लॅम्प, सायकलच्या ट्यूबचा तुकडा, एक पान्हा, विजेरी. हजार-बाराशेत सगळं येतं. कनेक्शन पाइप घेताना जुन्याची लांबी मोजून घ्या.

घरातल्या सगळ्या चाव्या एकदा फिरवून बघा. जाम असतील तर प्लंबर गावी जाण्याआधी बदलून घ्या. गच्चीवरच्या चाव्यांवर कुठल्या फ्लॅटची कुठली लाइन, ते ऑइल पेंटने लिहून घ्या. कमिटीने मनावर घेतलं तर एका रविवारचं काम आहे. पाइपला गंज किंवा हिरवट चट्टा दिसला, वेणीच्या (तारेची जाळी विणलेल्या) पाइपची तार तुटलेली दिसली, तर तो तेव्हाच बदला.

गावी जाताना घराची मुख्य चावी बंद करा, वॉशिंग मशीन आणि वॉटर प्युरिफायरचे कॉक वेगळे बंद करा, गिझरचं बटण बंद करा. पाणीकपातीच्या वेळी उघडून पाहिलेला नळ तसाच राहून गेलेला नाही ना, हे प्रत्येक खोलीत जाऊन पाहा. नहाणीच्या जाळ्यांवरचे केस आणि कचरा काढून टाका, म्हणजे काही फुटलंच तर पाण्याला जायला वाट राहील. आणि किल्ली शेजारी देताना पाण्याच्या चाव्या कुठे आहेत, तेही त्यांना प्रत्यक्ष दाखवा.